पावलीवरची सही

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात ‘आपल्या सभासदांचे छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचं राहून गेलेलं थोडं नंतर भरलं आहे.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मागे मठ्ठ्याला फोडणी बसल्याचा वास इथपर्यंत आलाय, त्यामुळे सोळावं मिनिट तुम्हीच देणार नाही हे मला ठाऊक आहे. तीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढलेला माणूस आहे मी. रांग लांबली की लोकांचे चेहरे कसे होतात ते मला चांगलं कळतं.

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘नाणी संग्राहक’ असं छापलंय. ते अर्धंच खरं आहे. नाणी जमवणारे आपल्या अंबाजोगाईत माझ्याहून मोठे आहेत. माझा नाद जरा तिरपा आहे. मी सहीची नाणी जमवतो. म्हणजे ज्यानं नाण्यावरचं चित्र घडवलं त्याची, नाहीतर ज्याला समोर बसवून ते चित्र काढलं त्याची, सही सोबत असलेलं नाणं. परदेशात हा छंद चांगला रुजलेला आहे. तिकडे लोक कलाकाराला गाठतात, त्याच्याकडून सही घेतात, अल्बम भरतात.

माझ्याकडे अशी नाणी किती, असं परवा लिफ्टमध्ये एका मुलानं विचारलं. मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, ‘दोनशे?’ नाही रे बाळा, दोन. त्या दोनांचीच गोष्ट सांगायला उभा आहे.

सुरुवात आजोबांच्या पत्र्याच्या डब्यापासून करतो. आपलं गाव तेव्हा मोमिनाबाद होतं, राज्य निजामाचं होतं आणि पैसाही निजामाचा होता. इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द असायचे, हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा चालू रुपया, आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा, कळीवर म्हणजे यंत्रावर पाडलेला. भाव ठरलेला होता, सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदार हवे तर एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली मोजायचे. आजोबा आठवडी बाजारात बसायचे, हा हिशेब त्यांचा तोंडपाठ. नगरकडून आलेला व्यापारी कलदार द्यायचा, इथला शेतकरी हाली द्यायचा, आणि आजोबा मधे बसून दोन राज्यांचा मेळ घालायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य गेलं, तरी हाली काही वर्षं चालूच होता. तो कायमचा बंद झाला १९५९ साली.

त्या डब्यात हालीचे रुपये होते. एका बाजूला चारमिनार. लहानपणी मी ते भिंगाखाली धरायचो, तर चारमिनारच्या मधल्या कमानीत, दारातच, एक बारीक अक्षर दिसायचं. आजोबांना उर्दू यायचं. ते म्हणाले, ‘तो ऐन आहे. उस्मानचा ऐन.’ म्हणजे मीर उस्मान अली खान, सातवा निजाम, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. त्याच्या वडिलांच्या, महबूब अलींच्या नाण्यावर त्याच जागी मीम असायचा. इतकी मोठी इमारत, तिच्या दारात राजानं आपलं एक अक्षर उभं केलेलं. मी विचारलं, ‘आणि हे चित्र ज्यानं कोरलं त्याचं अक्षर कुठंय?’ आजोबा म्हणाले, ‘त्याचं कशाला असंल?’

ते उत्तर मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. माझा सगळा छंद तिथून निघाला.

पुढे बँकेत लागलो आणि दिवसभर सह्याच सह्या. नोटेवरची सही तर तुम्ही सगळेच बघता, ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची. यातही गंमत आहे. रिझर्व्ह बँक सुरू झाली १९३५ साली. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ. त्यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण बँकेनं स्वतःची नोट काढली १९३८ मध्ये, तोवर ते जाऊन जेम्स टेलर आले होते. पहिली भारतीय सही आपल्या माणसाची, चिंतामणराव देशमुखांची. ते १९४३ ला गव्हर्नर झाले. आणि बी. एन. आडारकर १९७० मध्ये जेमतेम बेचाळीस दिवस त्या खुर्चीत होते, म्हणून त्यांच्या सहीची नोट दिसली की जमवणाऱ्याचा हात थरथरतो.

पण नोटेवर सही करणारा माणूस नोट काढत नाही, तो वचन देतो. धारकाला इतके रुपये देईन, असं तिथं लिहिलेलं असतं, म्हणून खाली सही. नाणं रिझर्व्ह बँकेचं नसतंच, ते थेट भारत सरकारचं. त्यावर वचनही नाही आणि सहीही नाही. एक रुपयाची नोटसुद्धा कायद्यानं नाण्यातच धरली जाते. म्हणून बघा, तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते आणि वचन नसतं. आज घरी जाऊन कपाट उघडा आणि खात्री करून घ्या. काकूंच्या डब्यात एखादी नक्की निघेल.

तर मग नाण्यावर घडवणाऱ्याचं नाव कधीच नव्हतं का? होतं. इंग्रजांच्या रुपयावर होतं. १८४० चा व्हिक्टोरिया राणीचा रुपया कुणाकडे असेल, तर राणीची मान जिथे कापल्यासारखी संपते त्या कडेला भिंग लावा. तिथे इंग्रजी डब्ल्यू डब्ल्यू अशी दोन अक्षरं सापडतील. विल्यम वायन, लंडनच्या टांकसाळीतला कोरीव कामगार. राणीच्या गळ्याखाली त्यानं आपली आद्याक्षरं बसवली, आणि तो रुपया इथं बाजारात हजारो हातांतून फिरला. आपल्यापैकी कुणाच्या खापरपणजीच्या गळ्यातल्या माळेत ओवलेला असेल, आणि त्या बाईच्या गळ्यावर वायनसाहेबांची सही लटकत असेल. तिला याचा पत्ता नाही आणि त्याला तिचा.

कारागिराची चूक झाली तर काय होतं तेही ऐका. पंचम जॉर्जचा रुपया आला १९११ मध्ये. चित्र बर्ट्राम मॅकेनल या शिल्पकाराचं. राजाच्या झग्यावर मानचिन्हाची साखळी, तिच्यात एक हत्ती. हत्ती किती मोठा? मोहरीच्या दाण्याएवढा म्हणा. पण त्याची सोंड आखूड झाली, आणि लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसलं. हिंदूंनाही चालेना, मुसलमानांनाही चालेना. सरकारला ते रुपये परत घेऊन वितळवावे लागले, आणि १९१२ पासून नीट सोंड असलेला हत्ती आला. संग्राहक त्याला आजही ‘डुकराचा रुपया’ म्हणतात. मोहरीएवढ्या सोंडेपायी एवढं रामायण झालं! माझ्याकडे तो नाही, आणि किंमत विचारायचं धाडसही मी केलेलं नाही.

अमेरिकेत आणखी मजा. १९०९ साली त्यांनी लिंकनचा एक सेंट काढला. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर नावाच्या कलाकारानं तो घडवला आणि मागच्या बाजूला खाली आपली तीन अक्षरं टाकली, व्ही. डी. बी. लोकांनी ओरड केली की ही सरकारी नाण्यावर फुकटची जाहिरात आहे. काही दिवसांत अक्षरं काढून टाकली. १९१८ मध्ये परत आली, पण लिंकनच्या खांद्याच्या कडेला, चिमूटभर. फेलिक्स श्लाग म्हणून दुसरा एक. त्याचं पाच सेंटचं नाणं १९३८ पासून चालू होतं, त्याची अक्षरं त्यावर आली १९६६ साली. अठ्ठावीस वर्षांनी. तेव्हा तो जिवंत होता, एवढं तरी नशीब.

आणि मॉडेल म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो. २००० साली तिकडे साकागाविया या आदिवासी स्त्रीचं एक डॉलरचं नाणं आलं, पाठीवर बाळ घेतलेली. ती बाई दोनशे वर्षांपूर्वीची, तिचं चित्रच कुठे नाही. मग ग्लेना गुडेकर या शिल्पकार बाईंनी त्याच शोशोनी समाजातल्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला समोर बसवलं. रँडेल टीटन तिचं नाव. म्हणजे नाव एकीचं आणि चेहरा दुसरीचा. गुडेकरबाईंना मानधन पाच हजार डॉलर, आणि ते त्यांनी त्याच नाण्यांत मागून घेतलं. त्या दोघींच्या सहीची नाणी लोक हौसेनं जमवतात. सही नाण्यावर करत नाहीत हं. धातूवर शाई टिकत नाही, बोटानं पुसते, आणि नाणं खराब होतं ते वेगळंच. नाणं पारदर्शक डबीत बंद करतात आणि आतल्या चिठ्ठीवर सही. आपल्याकडे साधा पुठ्ठ्याचा चौकोनी होल्डर मिळतो, मधे गोल खिडकी, दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिक, चार पिना मारल्या की झालं. सही त्या पुठ्ठ्यावर. नोटेवर तर लिहूच नये. रिझर्व्ह बँक कानीकपाळी ओरडून थकली, आणि काउंटरवर ओरडून ओरडून मीही. तरी नोटेवर हिशेब आणि प्रेमपत्रं चालूच आहेत.

आपल्या स्वतंत्र भारताच्या रोजच्या नाण्यांवर मात्र घडवणाऱ्याची अक्षरं माझ्या पाहण्यात नाहीत. खूण असते ती टांकसाळीची. सालाच्या खाली बघा. शंकरपाळ्यासारखा आकार असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. गावाची खूण आहे, माणसाची नाही. रुपयाचं जे चिन्ह २०१० मध्ये आलं आणि पुढच्या वर्षीपासून नाण्यांवर बसलं, ते काढणारे डी. उदय कुमार सगळ्यांना माहीत झाले, कारण स्पर्धा होती आणि पेपरात नाव आलं. पण नाण्यावर ते नाव नाही.

आता माझं पहिलं नाणं. २००७ मध्ये हातांची नाणी आली, आठवतात का? रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. नंतर पन्नास पैशांवर मूठ. हस्तमुद्रा मालिका. लोक नावं ठेवायचे, म्हणायचे हे काय, सरकार ठेंगा दाखवतंय. मला मात्र पहिल्या दिवशी तो अंगठा बघून दुसरंच आठवलं. काउंटरवर दिवसभर माझं एक वाक्य असायचं, ‘सही का अंगठा?’ आपला बीड जिल्हा. दिवाळी झाली की निम्मं गाव मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांवर ऊस तोडायला जायचं. परत आले की बँकेत यायचे, आणि कोयत्यानं चिरा पडलेले ते अंगठे पॅडवर टेकायचे. कित्येकांच्या अंगठ्याच्या रेषाच उमटायच्या नाहीत, झिजून गेलेल्या. साहेब म्हणायचे, पुन्हा घ्या. पुन्हा घेतला तरी तसाच काळा ठिपका. मला त्या ठिपक्याची लाज वाटायची. कुणाची वाटायची ते अजून नीट सांगता येणार नाही.

माझी आईही अंगठ्याचीच. मी तिला सही शिकवायचा प्रयत्न केला होता. म्हणाली, ‘आता ह्या वयात नाव लिहून कोनाला दाखवू?’ त्या वर्षी मी तो नवा रुपया तिच्या तळहातावर ठेवला. तिनं डोळ्याजवळ धरला, बोटानं चाचपला, आणि म्हणाली, ‘आंगठा हाय की रं! कोनाचा हाय ह्यो?’

मी म्हटलं, ‘तुझाच.’

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. मग मीही चेष्टा पुढे नेली. रुपया होल्डरमध्ये घातला, घरी स्टँपपॅड होतंच, आणि म्हटलं, ‘मग कर सही. मॉडेलची सही लागते.’ तिनं पॅडवर अंगठा दाबला आणि खिडकीच्या खाली पुठ्ठ्यावर टेकवला. तिच्या रेषा मात्र स्वच्छ उठल्या. ते माझं सहीचं पहिलं नाणं. कुणी जाणकार म्हणेल, हे खोटं आहे, तुमची आई काही मॉडेल नव्हती. बरोबर आहे. पण खरा अंगठा कुणाचा होता ते नाण्यावर लिहिलेलं नाही, त्यामुळे तोवर जागा रिकामीच आहे असं मी धरून चालतो. आई २०११ मध्ये गेली. होल्डर टेबलावर ठेवला आहे, डाव्या बाजूचा.

उजव्या बाजूचा आप्पांचा.

आप्पा म्हणजे ए विंगमधल्या ताईंचे वडील. नाव सगळ्यांना माहीत आहे. ते असताना नाव बोर्डावर लिहू द्यायचे नाहीत, म्हणून स्मरणिकेतही छापत नाही. पांढरा सदरा, संध्याकाळी पार्किंगमध्ये एकवीस फेऱ्या, कुणाशी जास्त बोलणं नाही. ते मुंबईत नोकरीला होते एवढंच आपल्याला ठाऊक.

२०१६ चा उन्हाळा तुम्ही विसरला नसाल. मांजरा धरण आटलेलं, आपली बोअर कोरडी, आणि आठ-आठ दिवसांनी टँकर. कमिटीनं टँकरवर लक्ष ठेवायला दोघादोघांच्या पाळ्या लावल्या होत्या. एका रात्री माझी पाळी आप्पांबरोबर आली. टँकर काही येईना. मी वेळ जावा म्हणून खिशातलं भिंग काढलं आणि सुटे पैसे बघत बसलो. आप्पा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘असं नाही धरायचं. भिंग डोळ्याला लावायचं आणि नाणं जवळ आणायचं.’ आणि माझ्या हातातून भिंग घेऊन दाखवलं. तेवढ्या एका हालचालीत मला कळलं की हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय.

फोर्टातली मुंबईची टांकसाळ. तिथल्या कोरीव खात्यात त्यांची नोकरी झाली. टँकर पहाटे तीनला आला, तोवर मी विचारत होतो आणि ते थोडं थोडं सांगत होते. आधी चित्र प्लॅस्टरमध्ये ताटाएवढं मोठं करतात. मग ते यंत्रावर चढवतात. यंत्राच्या एका टोकाची बोथट सुई त्या मोठ्या चित्रावरून गोल गोल फिरते, आणि दुसऱ्या टोकाचं पातं तेच चित्र लहान करून पोलादावर कोरत जातं. घाई चालत नाही. मग जो पोलादी पंच निघतो, त्यावर पात्याच्या रेघा राहिलेल्या असतात, बारीक गोष्टी मऊ झालेल्या असतात. तिथं यांचं काम. भिंगाखाली, हातानं, एकेक रेघ साफ करायची आणि हरवलेली परत आणायची. पंच दाबून ठसा, आणि ठशानं नाणं. ‘पंचावर उंच, ठशात खोल, नाण्यावर परत उंच,’ असं ते बोटांनी दाखवायचे. आता हे बरंचसं संगणकावर होतं.

मी विचारलं, ‘तुमच्या हातचं नाणं दाखवा की.’ म्हणाले, ‘माझ्याकडे नाही. फाटकावर झडती असायची. खिशात एक नाणं निघालं तर नोकरी गेली. आम्ही घरून येतानाच सुटे आणायचो नाही.’ मग स्वतःशीच हसले. ‘पण बाहेर यायचं की ते. दोन-चार महिन्यांनी भाजीवाली सुट्यात द्यायची. मी बघायचो आणि तिलाच परत द्यायचो, कोथिंबिरीचे.’

त्यांच्या हातचं नाणं म्हणजे गेंड्याची पावली. पंचवीस पैसे, स्टीलचं, एकोणीस मिलिमीटर, १९८८ पासून निघालेलं. मुलांनी पाहिलं नसेल. गेंड्याच्या अंगावर कातडीच्या घड्या असतात ना, चिलखतासारख्या, त्या घड्यांवर त्यांनी काम केलं होतं. चित्र त्यांचं नव्हतं, हे ते दर वेळी बजावून सांगायचे. ‘चित्र दुसऱ्याचं. मी फक्त घड्या साफ केल्या.’

दुसऱ्या दिवशी मी घरातल्या सगळ्या बरण्या पालथ्या घातल्या. १९९० ची एक पावली मिळाली, खाली शंकरपाळं, म्हणजे मुंबई. होल्डरमध्ये घालून ए विंगमध्ये गेलो. म्हटलं, ‘आप्पा, इथे सही करा.’ त्यांनी हात मागे घेतला. ‘नाणं सरकारचं आहे. त्यावर माझं नाव कसं येईल?’ मी म्हटलं, नाण्यावर नाही, पुठ्ठ्यावर. ‘पुठ्ठा नाण्याला चिकटलाय ना?’ असा माणूस. मी वायनसाहेबांची गोष्ट सांगितली, श्लागची सांगितली. ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि सही केली नाही.

दोन वर्षं मी त्यांच्या मागे होतो. दर दिवाळीला फराळाबरोबर होल्डर. ताई हसायच्या. हे चांगलं केलं की वाईट, मला माहीत नाही. २०१८ च्या दिवाळीत त्यांनी होल्डर हातात घेतला, पेन मागितलं, आणि पुठ्ठ्यावर चार आकडे लिहिले. मी म्हटलं, हे काय? ‘माझा हजेरीचा नंबर. तिथे आम्हाला नंबरानंच हाक मारायचे.’ मी काही बोललो नाही. त्यांनी आकड्यांकडे जरा वेळ बघितलं, आणि खाली सही केली. हात थरथरत होता, पण शेवटची वेलांटी अशी घेतली की पंचावर कोरल्यासारखी. मग होल्डर माझ्याकडे न देता भिंग मागितलं आणि गेंडा बघितला. ‘पुढच्या पायाजवळची घडी राहिली आहे थोडी,’ म्हणाले. मला तिथे काहीच राहिलेलं दिसलं नाही, आणि आजही दिसत नाही.

पावली तोवर मेलेली होती. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी सरकारनं जून २०११ अखेर बंद केली. मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बरं झालं. आता कुणी झडती घेणार नाही.’

आप्पा २०२२ मध्ये गेले.

यापुढचं सांगायला मला जड जातंय, पण सेक्रेटरीसाहेबांना मी शब्द दिलाय. तेरावा झाल्यावर ताई घरी आल्या. म्हणाल्या, ‘काका, बाबांनी तुम्हाला काहीतरी लिहून दिलं होतं ना? बघू?’ मी दाखवलं. त्यांनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. हजेरीचा नंबर त्यांना माहीतच नव्हता. म्हणाल्या, ‘बाबांची पाळी असायची. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आईच सही करायची. त्यांची सही मी पेन्शनच्या कागदावर तेवढी बघितली.’ मग जरा थांबून, ‘हे माझ्याकडे राहू शकेल का?’

मी म्हटलं, ‘अहो, देतो की. जरा फोटो काढून घेतो.’

फोटो काढायला मला अडीच वर्षं लागली. कधी सांगितलं की अल्बम लॉकरमध्ये आहे. कधी सांगितलं की नातवाला एकदा दाखवतो आणि देतो. नातू दोनदा येऊन गेला. ताईंनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, आणि जिन्यात भेटल्या की मी पाण्याचा विषय काढायचो. तुम्हाला वाटेल, चार आण्यांचं बंद पडलेलं नाणं! पण जमवणाऱ्या माणसाचं मन असंच असतं. जगात दुसरं नाही, आणि ते आपल्याकडे आहे, एवढ्यावर तो रात्री झोपतो. सोनं लपवणाऱ्याला लोक चोर तरी म्हणतात, संग्राहकाला सत्कार करून शाल देतात. आज मलाही मिळाली आहे.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात होल्डर घेऊन गेलो होतो. विकायला नव्हे, मिरवायला. एका व्यापाऱ्यानं पालथा-सुलटा केला आणि म्हणाला, ‘ही कुणाची सही? कुठल्या यादीत नाव आहे यांचं?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, नाणं चांगलं आहे, पण पुठ्ठा बदला. कुणीतरी खरडून ठेवलंय.’

त्याच्यावर मी रागावलो नाही. तो त्याच्या धंद्याचं बोलला. परतीच्या गाडीत नगर येईपर्यंत मी होल्डर शर्टाच्या खिशात धरून बसलो होतो. यादीत नाव नसलेल्या माणसाची सही जगात कुणाला हवी असेल, याचा हिशेब करायला कॅशिअर लागत नाही. ती एकाच घरात हवी होती, आणि ते घर माझ्या जिन्यापासून चाळीस पावलांवर. तरी तिथून आजपर्यंत आणखी काही महिने गेलेच.

तर मंडळी, हॉलच्या दाराशी टेबल मांडलं आहे. हालीचे दोन रुपये आहेत, ऐन बघून घ्या. आईचा रुपया आहे, त्याला हात लावू नका. पावली मात्र हातात घ्या, आजच्याच दिवस ती माझ्या टेबलावर आहे. भिंग ठेवलं आहे. भिंग डोळ्याला लावायचं आणि नाणं जवळ आणायचं, उलट नाही. गेंड्याच्या पुढच्या पायाजवळ कुणाला काही राहिलेलं दिसलं तर मला सांगा, आप्पांना काय दिसलं होतं ते मला अजून शोधायचं आहे.

ताई, पंगत उठली की टेबलापाशी या. होल्डरच्या पिना गंजल्या होत्या, तेवढ्या बदलून ठेवल्या आहेत. पुठ्ठा तोच आहे.